गावकुसापाशी थांबलेली हमी

शहरी दारिद्र्य म्हटले की डोळ्यांसमोर धारावी उभी राहते. महानगराचे दारिद्र्य दिसते, मोजले जाते, त्यावर अहवाल निघतात आणि परदेशी पाहुणेही ते पाहून जातात. जिल्ह्याच्या गावातील दारिद्र्याच्या वाट्याला हे भाग्यही येत नाही. ते धड खेड्यात मोडत नाही आणि शहर म्हणून त्याची गणना करण्याइतके ते मोठेही नसते. बीड हे अशा दारिद्र्याचे बोलके उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती आणि तीत पाच माणसांमागे एक माणूस नागरी भागात राहत होता. खुद्द बीड शहराची वस्ती १ लाख ४६ हजारांवर होती. या शहरात मोठा कारखाना नाही. रेल्वेसाठी त्याला २०२५ सालाची वाट पाहावी लागली. येथे पोट भरायचे ते मोंढ्यातील हमालीवर, गुत्तेदाराच्या बांधकामावर, हातगाडीवर, किंवा चार घरची धुणीभांडी करून. ज्याला यांतील काहीच मिळत नाही, त्याने सकाळी चौकात उभे राहावयाचे आणि दहा वाजेपर्यंत कोणी हाक मारली नाही तर परत फिरावयाचे. त्या दिवशी त्याच्या घरी चूल कशी पेटते, याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही.

हा माणूस मूळचा शहरातला क्वचितच असतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेती त्याला वर्षभर पोसू शकत नाही. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सर्वांनाच कोयता झेपतो असे नाही. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून उचल मिळते. त्या जोडीतले एक माणूस गेले, आजारी पडले किंवा सोडून गेले, की दुसऱ्याला उचल देण्यास मुकादम तयार होत नाही. अशा माणसाला गावात काम नसते आणि कारखान्यावर जाता येत नाही. तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाचा रस्ता धरतो आणि नदीकाठी, नाल्याकाठी, जिथे कोणी लगेच हुसकावणार नाही अशा जागी खोपट घालतो. ती जागा कोणाला नको असते म्हणूनच त्याच्या वाट्याला येते. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला महापूर आला तेव्हा काठच्या वस्त्या वाहून गेल्या आणि माणसे दगावली, ती अशाच जागी राहत होती म्हणून.

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतीय दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शहरातील गरिबी म्हणजे खेड्यातील गरिबीचाच शहरात सांडलेला भाग होय, असे प्रतिपादन होते. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही बीडपुरते ते खरे आहे. तथापि त्यातून एक चुकीचा निष्कर्षही काढला गेला. खेड्यातील दारिद्र्य आटोक्यात आणले म्हणजे शहरातील आपोआप आटेल, या समजुतीवर राज्याचे धोरण दीर्घकाळ उभे राहिले. मूळ पात्रात बांध घातला तरी आधीच सांडलेले पाणी जिथे साचले असेल तिथेच राहते, याचा विचार झाला नाही.

या माणसांसाठी सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. योजना आहेत आणि त्यांतील काही चांगल्याही आहेत. प्रश्न त्यांच्या दाराचा आहे. प्रत्येक योजनेच्या दाराशी गरिबाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तो कुठे राहतो, ही पहिली. आणि त्याची मिळकत किती थोडी आहे, ही दुसरी. अत्यंत गरीब माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी सिद्ध करता येत नाहीत. खोपटाला घर क्रमांक नसतो, वीजबिल नसते, भाडेपावती नसते. शिधापत्रिका असलीच तर ती गावच्या पत्त्यावर, आणि पुष्कळदा सासऱ्याच्या किंवा भावाच्या नावाखाली असते. ज्याची मिळकत रोज वेगळी, त्याने वार्षिक उत्पन्नाचा दाखला कोणत्या आधारावर मागावा?

थोडा हिशेब मांडून पाहिला म्हणजे यातील विसंगती ध्यानात येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली, ती ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. शहरी मर्यादेचे महिन्याला पाच हजारही होत नाहीत. निराधारांसाठी १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी योजनेत ही मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला ५७-५८ रुपये. दोन घरची भांडी घासणारी विधवा याहून अधिक मिळवते. ती खरे बोलली तर अपात्र ठरते, आणि पात्र ठरावयाचे तर तिला तहसील कचेरीत खोटे बोलावे लागते. तिचा दाखला लिहिणाऱ्या कारकुनालाही ते खोटे आहे हे ठाऊक असते, सही करणाऱ्यालाही ठाऊक असते. मदतीची अट अशी ठेवावयाची की ती केवळ असत्याने पुरी व्हावी, आणि मग गरीब माणूस अप्रामाणिक आहे अशी तक्रार करावयाची, हा न्याय विचित्र म्हटला पाहिजे. शिवाय या असत्यालाही ओळखपाळख लागते, मध्यस्थ लागतो, त्याच्या हातावर काही ठेवावे लागते. ज्याला तेवढेही जमत नाही तो रांगेतून बाहेर पडतो. परिणामी मदत गरिबांपर्यंत पोचते. अतिगरिबांपर्यंत पोचत नाही.

धान्याच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. कायद्याने देशातील ७५ टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले प्रमाण ग्रामीण भागात ७६.३२ आणि शहरी भागात ४५.३४ टक्के असे आहे. मुंबई-पुण्याच्या सुस्थितीमुळे राज्याचा शहरी आकडा खाली आला, हे गणित समजण्यासारखे आहे. परंतु बीडसारख्या शहराची गणना मुंबईच्या रांगेत झाली की त्याचे नुकसान होते. कोठल्याही दुकानातून आपले धान्य घेण्याची सोय गेल्या काही वर्षांत झाली, हे निश्चितच पुढचे पाऊल आहे. मात्र ती सोय ज्याच्या हाती शिधापत्रिका आहे त्याच्यासाठी. जो यादीतच नाही त्याला दुकान जवळ काय आणि दूर काय, सारखेच.

दारिद्र्याचा दाखला न मागता गरिबाला मदत करण्याची युक्ती कोणाला सुचलीच नाही, असे मात्र नाही. ती महाराष्ट्रालाच सुचली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा छोटा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या, तलावाची माती वाहणाऱ्या माणसांच्या रांगा लागल्या. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मराठवाड्यातील ज्या पिढीने त्या वर्षी मिलो आणि सुकडी खाल्ली, तिला त्या कामांनी जगविले, हे वयस्कर माणसे आजही सांगतात. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, असे वचन कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

या योजनेची खरी थोरवी कायद्याच्या वचनापेक्षाही तिच्या दाराच्या रचनेत होती. तिने कोणाकडेही दारिद्र्याचा दाखला मागितला नाही. उन्हात कुदळ चालविण्याची तयारी हाच दाखला होता. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे तो त्या मजुरीवर माती उचलावयास येणार नाही, आणि जो येईल तो गरजू आहे असे समजावे, इतका साधा आणि इतका अचूक हा निकष होता. त्यासाठी सर्वेक्षण नको, यादी नको, शिफारस नको. गरिबाला हात पसरावा लागला नाही. हात चालवावे लागले. स्त्रियांनी ही योजना फार मोठ्या संख्येने आपलीशी केली, त्याचे एक कारण हेच. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तेथे कोणाचे नाव सांगावे लागत नव्हते.

या योजनेचा पैसा कोठून आला, हेही आज विसरले गेले आहे. १९७५ मध्ये राज्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला, तो याच कामासाठी. शहरातील शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारातून रक्कम कापली जावी, सरकारने तिच्यात आपली भर घालावी आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, असा तो सौदा होता. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचा उगम तेथे आहे. शहराने खेड्याचे देणे मान्य केल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

परंतु ही हमी गावकुसापाशी थांबली. ग्रामीण भाग आणि 'क' वर्गाच्या लहान नगरपालिका यांपुरतीच तिची व्याप्ती ठेवली गेली. बीडसारखी 'अ' वर्गाची नगरपालिका तिच्या बाहेर राहिली. त्या काळी यास कारण होते. शहरात काम मिळते आणि खेड्यात मिळत नाही, म्हणून लोंढे शहराकडे येतात. तेव्हा काम खेड्यातच द्यावे, हा विचार १९७७ मध्ये गैर नव्हता. २००५ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचा कित्ता गिरवून देशभरासाठी कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच 'ग्रामीण' हा शब्द होता. परिणाम असा झाला, की जो माणूस आपल्या गावात काम मागू शकतो, तोच माणूस पंचवीस किलोमीटरवर बीडच्या चौकात उभा राहिला की त्याचा हक्क संपतो. त्याची भूक मात्र त्याच्याबरोबर आलेली असते.

शहरांसाठी वेगळ्या योजना झाल्या. १९९७ मध्ये स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना आली. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. बचत गट, कौशल्य प्रशिक्षण, बेघरांसाठी निवारा, फेरीवाल्यांना साहाय्य असे तिचे अनेक पदर होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांचे पहिले कर्ज देण्याची योजनाही आली. या सर्वांचा उपयोग ज्यांना झाला त्यांना झाला. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे: शहरी गरीब हा लहानसा उद्योजक आहे, त्याला थोडे भांडवल आणि थोडे शिक्षण मिळाले की तो आपल्या पायावर उभा राहील. हातगाडीवाल्याच्या बाबतीत ते बरोबर असेल. ज्याच्याजवळ हातगाडीही नाही त्याला कर्ज देणे म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक उचल चढविणे होय. तीन महिने प्रशिक्षण घ्यावयाचे तर त्या तीन महिन्यांत पोरांनी काय खावे, हा त्याचा प्रश्न आहे. अतिगरिबाची पहिली गरज उद्याच्या मजुरीची असते; बाकीचे सारे नंतरचे.

पत्त्याच्या प्रश्नालाही कामाची हीच वाट उत्तर देते. जुलै १९८१ मध्ये मुंबईच्या पदपथांवरील माणसांना हुसकावून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम निघाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तत्त्व मोठे होते. पण त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. जागेच्या आधाराने गरिबाचा हक्क मांडला की तो असा निसटतो. याउलट पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी आधी आपले काम मान्य करवून घेतले. त्यांतील कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली होती. त्यांच्या संघटनेच्या ओळखपत्राला नव्वदच्या दशकात पुणे महापालिकेने मान्यता दिली. त्यांची खोपटी कोठे होती, याला महत्त्व उरले नाही. त्या शहरासाठी कोणते काम करतात, ही त्यांची ओळख झाली. कामाने माणसाला पत्ता मिळतो, पत्त्याने काम मिळतेच असे नाही, हा त्यातला धडा आहे.

म्हणून बीडच्या आणि तिच्यासारख्या नगरपालिकांच्या हद्दीत काम मागणाऱ्या कोणाही प्रौढ माणसाला ठरावीक दिवसांचे काम मिळण्याची कायदेशीर हमी द्यावी, ही मागणी आता पुढे आली पाहिजे. ती अनोखी नाही. केरळने २०१० मध्ये अय्यंकाळी यांच्या नावाने अशी शहरी योजना सुरू केली. राजस्थानने २०२२ मध्ये शहरी कुटुंबांना १०० दिवसांचे काम देऊ केले. खुद्द महाराष्ट्राच्या कायद्याने 'क' वर्गाच्या नगरपालिकांना हमीच्या कक्षेत घेतलेच होते. जे लहान नगरपालिकेत शक्य मानले गेले, ते मोठ्या नगरपालिकेत अशक्य का मानावे?

कामाची वाण नाही. बिंदुसरेचे पात्र आणि शहरातील नाले पावसाळ्यापूर्वी मोकळे करावयाचे असतात, शाळांच्या भिंती पडलेल्या असतात, लावलेली झाडे पाण्यावाचून वाळतात, कामकरी बायकांच्या मुलांना सांभाळण्याची सोय नसते. यांतील कितीतरी कामे बायकांना घराजवळ करता येतील. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. शहरातील काम म्हणजे झाडू, आणि झाडू म्हणजे ठरावीक जाती, ही जुनी सांगड या योजनेने पुन्हा पक्की करता कामा नये. अन्यथा मदतीच्या नावाखाली तीच बेडी नव्याने घातल्यासारखे होईल.

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, शहरात हमी दिली तर खेडी ओस पडतील. वस्तुतः हमी नसतानाही माणसे येत आहेत. ती मजुरीच्या लोभाने येत नाहीत, गावात टिकाव लागत नाही म्हणून येतात. शहरी मजुरीचा दर ग्रामीण हमीच्या जवळपास ठेवला, तर केवळ त्यासाठी कोणी घर सोडणार नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. नगरपालिकांना स्वतःचे पगार भागविताना नाकी नऊ येतात, ही गोष्ट खरी. तेव्हा हा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. तो राज्याने उचलला पाहिजे, आणि त्यासाठी व्यवसाय कराचे साधन राज्यापाशी आहेच. हा कर शहरांतूनच मोठ्या प्रमाणावर गोळा होतो. त्यातील काही हिस्सा शहरातील सर्वांत गरीब माणसाकडे वळविणे, हे मूळ सौद्याशी विसंगत ठरत नाही.

तिसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. तो सर्वांत गंभीर आहे आणि बीडमध्ये तो हसण्यावारी नेता येणार नाही. याच जिल्ह्यातील रोजगार हमीच्या कामांतील गैरव्यवहाराच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेल्या. खोटे हजेरीपट, कागदावरचे मजूर आणि यंत्राने केलेली कामे यांचा रोग जुना आहे. परंतु शहरात एक अनुकूलता आहे. खेड्यातील कोपऱ्यातला पाझर तलाव फक्त कागदावर बांधता येतो; भर वस्तीतील नाला साफ झाला की नाही, हे शाळेत जाणारे पोरही सांगू शकते. हजेरीपट रोज चौकात लावावा, काम गुत्तेदाराकडे जाऊ देऊ नये, आणि दर तीन महिन्यांनी प्रभागाच्या सभेत हिशेब वाचला जावा. शहरात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, वाचनालये आहेत. हिशेब वाचू शकणाऱ्या माणसांचा असा वर्ग खेड्यापेक्षा येथे मोठा आहे. तो जागा राहिला तर चोरी अवघड होईल; तो झोपला तर कोणताही कायदा पुरणार नाही.

अर्थात कामाची हमी सर्वांना पुरणार नाही. म्हातारी माणसे, अपंग, दुखणाईत आणि तान्ह्या मुलांच्या आया यांच्या हाती कुदळ देता येत नाही. त्यांच्यासाठी निराधार योजनेसारखी थेट मदत लागेल, आणि तिच्या उत्पन्नाच्या मर्यादेला आजच्या किमतींशी काही नाते ठेवावे लागेल. पण काम करू शकणारी माणसे दाखल्यांच्या रांगेतून बाहेर पडली, तर उरलेल्यांकडे नीट पाहावयास कचेरीला सवड तरी मिळेल.

अर्ध्या शतकापूर्वी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने आपल्या पगारातून खेड्यातील अनोळखी मजुराचा हक्क मान्य केला. त्या वर्गाने ते आनंदाने केले असे नाही. पण केले, आणि त्यातून देशाने घ्यावे असे उदाहरण निर्माण झाले. ज्या मजुरासाठी ती कपात सुरू झाली, त्याची मुले-नातवंडे आज बीडच्या चौकात उभी आहेत. कचेरीला जाणारा कारकून आणि शाळेला जाणारा शिक्षक रोज त्यांच्यावरून पुढे जातात. फेब्रुवारीच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या ३०० रुपयांवर त्यांचाही हक्क आहे, हे सरकारला सांगण्याचा अधिकार ते पैसे भरणाऱ्यांइतका दुसऱ्या कोणालाही नाही.